सातवा राघू

मॉनिटर गोवावेसच्या बंद पडलेल्या सायबर कॅफेतला,
आठशे रुपयांना.
कोपऱ्यावर कागद अजून चिकटलेला: एक तास वीस रुपये.
नखानं खरवडला तर 'रुपये' निघालं,
'एक तास वीस' राहिलं.
राहू दे म्हटलं, तेवढ्यात होईल काम.

झालं नाही.
टॅबचं तोंड चपटं, वायरचं तोंड चपटं,
खट्ट करून बसली, टॅब चार्ज व्हायला लागला,
आणि मॉनिटरवर एक निळी पाटी
या कडेवरून त्या कडेवर आपटत फिरली:
नो सिग्नल. नो सिग्नल.
दुंडाप्पा माग थांबवून दारात आला होता.
"बरवल्दु," म्हणाला.
मग माझ्यासाठी मराठीत: "येईना झालंय की ओ अक्का."
दोन्ही भाषांत येत नव्हतं.

डॉक्टरनं सांगितलंय, चौकटी मोजणं बंद.
पस्तीस वर्षं मोजल्या. आलेख कागद, लाल पेन्सिल,
एक चौकट, एक धागा,
पुढं पुठ्ठ्याला भोकं, आणि आता ही पाटी.
बंद कसं करणार?
मोठं करून मोजू, म्हटलं.

खडे बाजारात तौसीफनं टॅबच्या भोकात बॅटरी मारली,
दाढ बघावी तशी.
"तोंड सेम असतंय अक्का, घसा वेगळा.
ह्याच्या घशातनं करंट जातोय, चित्र जात न्हाई.
कंपनीनं तेवढ्या तारा घातल्याच न्हाईत आत."
बाहेरून कसं कळायचं?
"बाहेरनं कळत न्हाई. लावून बघायचं."

दुसरी वायर परत केली.
तिसरीबरोबर एक डबी आली, काडेपेटीएवढी,
एका साडीच्या मजुरीपेक्षा महाग,
आणि एक ॲप, ज्यानं पाच-सहा परवानग्या मागितल्या.
सगळ्यांना हो म्हटलं, न वाचता.
निळी पाटी दोनदा लुकलुकली
आणि पदर आला.

अख्खा. मधोमध. दोन्ही बाजूंना काळा पट्टा सोडून,
कारण टॅबचं अंग वेगळं, मॉनिटरचं वेगळं.
दुंडाप्पा म्हणाला, "काठ बरा दिसालाय. काळा."
पेन टॅबवर, नजर समोर.
हात इथं टेकला की रेघ तिथं, पापणीभर उशिरा;
मार्कंडेयच्या पलीकडे धुणं आपटताना
बाई आधी दिसते, आवाज मागून येतो, तसं.

राघू मोजत गेले.
नखाएवढे होते, कोंबडीएवढे झालेले.
एक, दोन, चोच, शेपूट, चार,
सहा,
सातव्याला डोळा नव्हता.
एक चौकट लाल भरायची राहिलेली,
हिरव्यात हिरवी.
गौरी-गणपतीपासून हा पदर मागावर आहे.
साठ-सत्तर साड्या गेल्या असतील,
निपाणी, संकेश्वर, पलीकडे गडहिंग्लजला,
हळदीत पिवळ्या होऊन धुतल्याही असतील.

"दुंडाप्पा, हे बघ."
तो बघायला पुढं आलाच नाही.
"ठाऊक हाय की. पैल्या साडीपासनं."
मग बोलला का नाहीस?
"मला वाटलं, ती तुमची सही."

पेनाचं टोक त्या चौकटीवर आणलं. टेकवलं.
रेघ तिथं पोचायच्या आत लाईन गेली.
गल्लीतले माग सगळे एका ठोक्यात गप्प;
कुणाचा तरी रेडिओ तेवढा बोलत राहिला,
सेलवरचा, कानडीत, कांद्याचे भाव.
मॉनिटर काळा. त्यात मी, दुंडाप्पा,
आमच्यामागं दार, दारात सायकल.

टॅब चालूच होता. तळहातावर मावेल एवढा पदर.
त्यात सगळे राघू सारखे,
सगळ्यांना डोळे असावेत असे.
चष्मा वर केला, खाली केला.
चौकट भरली का नाही, दिसेना.

"ठेवलासा काय भरलासा?" त्यानं विचारलं.
लाईट येऊ दे, म्हटलं.